लंकाची सोबतीण

चहाचे दोन कप घेऊन मी वळले आणि पाहते तर लिंबाखालचा बाक रिकामा. आत्ता आत्ता लंका तिथे बसली होती. पाय हलवत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, पुन्हा सोडवत. मी टपरीकडे जाताना तिला दोनदा बजावलं होतं, "जागची हलू नकोस हां," आणि तिने शाळेतल्या पोरीसारखी मान डोलावली होती.

"लंके!" मी हाक मारली. दोन वकील आणि एक कुत्रं एवढ्यांनीच वळून पाहिलं.

कोर्टाच्या आवारात त्या दिवशी भरपूर गर्दी होती. मी चहा बाकावर ठेवला आणि पाण्याच्या टाकीमागे पाहिलं, बायकांच्या मुतारीत पाहिलं, झेरॉक्सच्या दुकानात डोकावले. झाडाखाली टाईपरायटर घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं.

"ती हिरव्या साडीतली, किडकिडीत?" त्याने चष्म्यावरून पाहिलं. "गेली की फाटकातून. लई घाईत होती."

आधी मी घाबरले. मग राग आला. माझं असंच आहे, आधी भीती वाटते आणि लगेच तिचा राग होतो. त्या रागापायीच तर मी त्या कोर्टाची पायरी चढले होते. सामाईक विहिरीवरून भांडण झालं, दीर अंगावर धावून आला, आणि हाताशी मुसळ होतं. हात त्याचा मोडला आणि संसार माझा.

तर आमच्या घराची रीत आधी सांगायला हवी. घर म्हणजे शिक्षा झालेल्या बायकांना तुरुंगाऐवजी कोर्ट जिथे ठेवत असे ते. शहराबाहेर, एमआयडीसीच्या अलीकडे. चांगल्या वागणुकीचा बॉन्ड लिहून द्यायचा, मुदत संपेपर्यंत तिथे राहायचं, शिवण नाहीतर मसाल्याचं काम करायचं आणि ठरल्या दिवशी कोर्टाच्या आवारात प्रोबेशन साहेबांपुढे हजेरी लावायची. फाटकावर पहारा नव्हता. पहाऱ्याच्या जागी देवणीकर बाईंनी, म्हणजे आमच्या अधीक्षिकेने, सोबतीण ठेवली होती. नव्या बाईला एक जुनी बाई नेमून द्यायची. नवीने बाहेर जायचं ते सोबतिणीबरोबरच. एकीचं पाऊल वाकडं पडलं तर जाब दोघींनी द्यायचा. बाई म्हणायच्या, शिपायाच्या हातावर तुरी देता येतात, सोबतिणीच्या देववत नाहीत. बाईंना लंका कुठे माहीत होती!

घरातली सगळ्यात जुनी मी. माझी मुदत संपत आली होती. त्या दिवशीच्या हजेरीनंतर प्रोबेशनचे मुळजकर साहेब माझ्या सुटकेचं लिहिणार होते. धाकट्या बहिणीने उदगीरला खाणावळ काढली होती आणि ती माझ्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. नेमकी अशा वेळी ही लंका माझ्या गळ्यात पडली.

लंका साड्यांच्या दुकानातल्या चोरीत सापडलेली. नवरा कधीच सोडून गेलेला, मूलबाळ नाही. तुरुंगात बरेच महिने काढून मग कोर्टाने तिला आमच्याकडे धाडली. आल्यापासून बाई एका जागी ठरली असेल तर शपथ! जेवताना उठायची, शिवता शिवता उठायची, खिडकीशी जाऊन तारीख विचारायची. "आज कितवी?" सकाळी एकदा, दुपारी एकदा. मी एकदा वैतागून म्हटलंही, "लंके, तारीख काय दुपारनंतर बदलते होय?" तेव्हा ती हसली नाही. मी समजले, हिला पळायचंय.

आणि आता ती पळाली होती.

मी आधी एसटी स्टँडवर गेले. एकेका गाडीत चढून पाहिलं. कंडक्टर ओरडला, "मावशी, बसायचं का उतरायचं?" मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. हिरवी साडी दिसली की मी धावायची, आणि त्या साडीत भलतंच तोंड निघायचं. शेवटी फोनच्या डब्याशी गेले, रुपया टाकला.

"बाई, लंका गेली," मी म्हणाले.

बाई ओरडत नसत, तेच वाईट होतं.

"यमुना, ऐक. साहेबांचं ऑफिस बंद व्हायच्या आत तुम्ही दोघी तिथे उभ्या राहिलात, तर मला काही माहीत नाही. नाही राहिलात, तर मला पोलिसांत कळवावं लागेल. मग तिचा बॉन्ड मोडला, ती तुरुंगात परत. आणि तुझ्याबद्दल मी काय लिहायचं ते तूच सांग."

"मी काय केलं, बाई? चहा आणायला गेले फक्त!"

"थांब, तिच्या जागेवर बघून येते." त्या गेल्या, आल्या. "कपडे इथेच आहेत. वळकटी इथेच. कुणी पळून जाताना असं सगळं ठेवून जातं का? फक्त खुंटीवर तिने शिवलेला फ्रॉक होता ना, तो दिसत नाही."

फोन कट झाला. रुपयात तेवढंच बोलणं मिळायचं.

फ्रॉक. गुलाबी छिटाचा, उरलेल्या कापडातून शिवलेला. आम्ही विचारलं होतं, कुणाला गं? तर म्हणाली, राधीला. राधी कोण? हाय एक. शिवण शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "लंका, पुढे छानसा खिसा लाव, पोरींना खिसा आवडतो." तर लंका कशी म्हणाली, "खिसा नगं. खिसा असला की झडती घेतेत."

आम्ही सगळ्या हसलो होतो. एवढ्याशा पोरीची झडती! आता स्टँडवरच्या त्या गोंगाटात ते मला आठवलं आणि हसू आलं नाही. खिसा असला की झडती होते अशी जागा मला एकच माहीत होती. तिथे मीही राहून आले होते.

मी रिक्षा केली. "जेल रोड," म्हणताना जीभ अडखळली. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं, मी पदर सावरला.

त्या रस्त्याला मी सुटल्यापासून फिरकले नव्हते. बाजार त्या बाजूला असला तरी वळसा घालून जायची. तुरुंगाची ती उंच भिंत, तिच्यावरचं काचांचं कुंपण, आणि फाटकासमोर मात्र रसवंती, पंक्चरचं दुकान, भजी तळणारी गाडी, सगळं कसं जत्रेसारखं. रसवंतीच्या बाहेर एका दगडावर लंका बसली होती. मांडीवर कागदात गुंडाळलेला फ्रॉक. डोळे फाटकावर.

"अगं भवाने!" मी तिच्या दंडालाच धरलं. "पळायचं तर उलट्या दिशेला तरी पळायचं! लोकं तुरुंगातनं पळतात, तू तुरुंगाकडं पळायलीस?"

"अक्का, हळू बोल. त्यो शिपाई बघायलाय."

"बघू दे! आपल्याला हितं यायची बंदी हाय, ठाव हाय का तुला? ऊठ. साहेबांचं ऑफिस बंद व्हायच्या आत नाही पोचलो तर बाई पोलिसांत सांगणार. तू आत, आन् माझी सुटका बोंबलली. ऊठ म्हणते ना!"

ती उठली नाही. एवढीशी बाई, पण दगडाला चिकटल्यासारखी बसली होती.

"आज राधी भाईर यायलीय," ती म्हणाली.

"कोण राधी? तुझी पोरगी?"

"न्हाई. सुमित्राची."

मग तिने सांगितलं, नजर फाटकावरची न काढता, तुटक तुटक. सुमित्रा तिच्या बराकीतली. मोठ्या शिक्षेची. पोटुशीच आत आली होती, राधी आतच झाली. सुमित्रा कामाला गेली की राधी लंकापाशी. न्हाणं, वेणी, गोष्टी, सगळं लंकापाशी. सहा वर्षं झाली की लेकरू आईजवळ ठेवत नाहीत, बालगृहात पाठवतात, आणि राधीला आज सहा वर्षं पुरी होत होती. सुमित्राला आतल्या दारापर्यंतच येता येतं. लंकाला घरात पाठवायचा हुकूम आला, तेव्हा सुमित्राने तिचे हात धरले होते.

"म्हनली, लंके, तू तर भाईर असशील. तिला न्यायच्या दिशी फाटकापाशी उभी ऱ्हा. तिनं भाईर काय बी बघितलं न्हाई गं. एक तरी वळखीचं तोंड दिसू दे तिला. बास, एवढंच."

"मग बाईंना सांगायचंस!"

"सांगितलं अस्तं आन् बाई न्हाई म्हनल्या अस्त्या तर? न्हाई म्हनल्यावर येता आलं अस्तं का?" ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. "अक्का, तू जा. साहेबाला सांग, लंका पळाली. तुझं कायबी बिघडत न्हाई."

खरं सांगायचं तर मी निघालेही. भज्याच्या गाडीपर्यंत गेले. उदगीर, बहीण, खाणावळ सगळं डोळ्यांपुढे होतं. ऊन कलायला लागलं होतं, आणि हिला कुणी सांगितलं होतं की पोरगी नेमकी आजच आणि आत्ताच येणार? तुरुंगातला कारभार, उद्यावर गेलं तर? मी परत आले. पुन्हा तिच्यावर ओरडले. पुन्हा गाडीपर्यंत गेले. भजीवाला म्हणाला, "मावशी, घ्यायचेत का भजी?" मी म्हणाले, "नाही, फेऱ्या मारायच्यात."

तेवढ्यात मोठ्या फाटकातलं लहान दार उघडलं.

आधी एक शिपाईबाई वाकून बाहेर आली. हाताला पोरगी. तेल चोपडून घट्ट दोन वेण्या, अंगात मोठ्या मापाचा ढगळ झगा, काखेत बोचकं. दाराच्या चौकटीतच ती थांबली. समोरून उसाची ट्रॅक्टरट्रॉली गेली, ट्रॉलीमागून मोटारसायकली. पोरीने दोन्ही हात डोळ्यांवर घट्ट दाबले आणि जी किंकाळी फोडली, तशी मी पुन्हा कधी ऐकली नाही.

"चल गं, गाडी थांबलीय," शिपाईबाईने ओढलं. पोरगी खालीच बसली. ओढली तर चावली. शिपाईबाईने हात झटकला. रस्त्यापलीकडे पोलिसांची गाडी उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. हॉर्न वाजला की पोरगी आणखी ओरडायची.

लंका धावली. "राधे! ए राधे! मी लंका!"

"ए बाई, लांब हो! कोण तू?" शिपाईबाई मध्ये आली. मग तिने ओळखलं. "लंका? तू हितं काय करायलीस? तुला बंदी हाय!"

"एक डाव बघू द्या मला, म्याडम. राधे, बघ की गं. बघ, फ्राक आणलाय."

पण राधी बघतच नव्हती. डोळे, कान, तोंड, सगळं तिने मिटून घेतलं होतं. वेण्या हलत होत्या तेवढ्या. लंका तिच्यापुढे फ्रॉक धरून उभी राहिली आणि मग तिचा हात हळूहळू खाली आला. माणूस एवढा कासावीस झालेला मला बघवत नाही. रसवंतीतली माणसं ग्लास हातात घेऊन बाहेर आली होती. पंक्चरवाला हसत होता.

तुरुंगात संध्याकाळी बराक बंद करायच्या आधी गिनती होते. दोघीदोघींच्या रांगेत उकिडवं बसायचं आणि शिपाईबाई डोक्याला बोट लावत मोजत जाते. मला त्याची इतकी चीड होती की सुटले त्या दिवशी मी ठरवलं, आता मेले तरी कुणापुढे उकिडवी बसणार नाही. लेकरं मात्र हौसेने रांगेत बसतात. ती कैदी नसतात म्हणून त्यांना मोजत नाहीत. बोट त्यांच्या डोक्यावरून पुढे जातं, आणि ती रडतात.

विचार करत बसले असते तर माझी छाती झाली नसती. मी फाटकापाशी गेले, रस्त्याच्या कडेला, सगळ्यांसमोर, फाटकाकडे तोंड करून उकिडवी बसले आणि बराकीतल्या आवाजात ओरडले, "गिनती! चला गं, जोडीनं बसा, गिनती!"

पंक्चरवाल्याचं हसणं थांबलं. लंकाने माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता माझ्या शेजारी येऊन बसली. तोंड समोर, हात गुडघ्यांवर.

राधीच्या बोटांची फट पडली. आधी एक डोळा दिसला. मग ती उठली, बोचकं ओढत पळत आली आणि आमच्या मागे, रांग धरून, उकिडवी बसली. ओरडणं बंद. नुसता श्वास ऐकू येत होता, हुंदक्यांनी अडकणारा.

शिपाईबाई तशीच उभी राहिली. गाडी हॉर्न देत होती, लोक बघत होते, तिची पंचाईत झाली होती. आम्ही काही तिच्या कैदी नव्हतो.

"मोजा की, म्याडम," मी म्हणाले.

ती इकडेतिकडे बघत पुढे आली. माझ्या डोक्याला बोट लावलं. "एक." लंकाच्या डोक्याला. "दोन." मग ती थांबली, सवयीने पुढे निघाली आणि पुन्हा मागे वळली. तेल लावलेल्या त्या छोट्या डोक्यावर तिने सगळा पंजा ठेवला.

"तीन," ती म्हणाली.

राधीने वर पाहिलं. "मला बी मोजलं?" मग पुढे पाहिलं. "लंकामावशी?"

लंकाने तिला उचललं नाही, कुरवाळलंही नाही. म्हणाली, "गिनती झाली. आता रांगंनं गाडीपर्यंत जायाचं." पुढे शिपाईबाई, मग लंका, तिचा पदर धरून राधी, आणि शेवटी मी. रस्ता ओलांडताना मी दोन्ही हात पसरून मोटारसायकली अडवल्या आणि एकाला शिवीही दिली. राधी डोळे उघडे ठेवून चालत होती.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "मावशी, तितं रातच्याला कुलूप कोन लावतंय?"

"तितं कुलूप न्हाई."

पोरीचा चेहरा पुन्हा कावराबावरा झाला. "मग दार उगडंच?"

"न्हाई गं. कडी असती. आतल्या अंगाला." लंकाने तिच्या झग्यावरूनच तो गुलाबी फ्रॉक चढवला, बटणं लावली. "तुझा हात पुरल, एवढ्या उंचीवर. तूच लावायची, आन् सकाळी तूच काढायची."

"मी?"

"तूच."

गाडी गेली. लंका तिथेच उभी राहून रडली, मोठमोठ्याने, लोकांची पर्वा न करता. मी तिला रडू दिलं. मग मला ऑफिस आठवलं आणि मी तिला अक्षरशः ढकलत रिक्षात घातलं.

आम्ही पोचलो तेव्हा शिपाई खिडक्या लावत होता. मुळजकर साहेब टेबलाशी उभेच होते, आणि समोरच्या बाकावर देवणीकर बाई, मांडीवर पर्स, चेहरा ओढलेला. पोलिसांकडे जायला निघालेल्या आणि जाववत नसलेल्या माणसाचा चेहरा.

"कुठे होतात?" साहेबांनी विचारलं.

"जेलच्या फाटकापाशी," लंका म्हणाली. तिला खोटं बोलायचं सुचलंच नाही, चोर असून.

बाईंनी डोळे मिटले. साहेब माझ्याकडे वळले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला वाट काढून दिली. "यमुनाबाई, ही पळाली आणि तुम्ही शोधून हिला परत आणलीत. असंच ना?"

नुसतं "हो" म्हणायचं होतं. हो म्हटलं की मी उदगीरला, आणि लंका त्या भिंतीच्या आत. लंका माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती, आणि तिला माझा राग येणार नव्हता हे मला स्वच्छ कळत होतं. त्याचाच मला फार त्रास झाला.

पुढचं आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. लंका तुरुंगात गेली नाही. साहेबांनी दोघींना ताकीद दिली आणि माझी मुदत वाढवली. मी उदगीरला पोचले ती दिवाळी उलटून गेल्यावर. बहीण महिनाभर माझ्याशी नीट बोलत नव्हती.

"नाही साहेब," मी म्हणाले. "ती पळाली नाही. आम्ही सोबत गेलो होतो."

बाईंनी डोळे उघडले. साहेबांनी खुर्ची ओढली, बसले, पेनाचं टोपण काढलं.

"म्हणजे ठरवून गेलात," ते म्हणाले. "दोघी."

"तिघी," मी म्हणाले. "तिघी मोजा, साहेब."